मुलांना सस्तन प्राणी शिकवताना या चुका टाळा

सुट्टी लागली की निसर्ग शिबिरं सुरू होतात आणि त्याबरोबर त्याच त्या चुकाही. शिकवणारे बदलतात, चुका बदलत नाहीत. मी लहान मुलांची सत्रं घेते, त्यामुळे आधी कुणीतरी घाईत पक्कं करून ठेवलेलं पुसण्यात माझा निम्मा वेळ जातो. म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

‘पिल्लं देतो तो सस्तन, अंडी घालतो तो नाही’

ही माझी सगळ्यात नावडती चूक. फळ्यावर मधोमध रेघ, डावीकडे अंडी, उजवीकडे पिल्लं, दहा मिनिटांत विषय संपला. दिसायला सोपं, म्हणून सगळ्यांना आवडतं.

कोकणातल्या एका शिबिरात एक उत्साही ताई हेच शिकवत होत्या. चौथीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मग फुरसं पण सस्तन का?” ताई हसल्या. “नाही रे बाळा, साप अंडी घालतात.” पोरगं गप्प बसलं. नंतर चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. म्हणाला, “आमच्या कलमांत बाबांनी दगड उलटला, तर खाली बारकी बारकी फुरशी होती. टरफल एक नव्हतं.”

पोराचं शंभर टक्के बरोबर होतं. फुरसं पिल्लंच देतं. घोणसही देते, एका वेळी 20 ते 40. घरच्या टाकीतले गप्पी मासे पिल्लं देतात, काही शार्कही देतात. यातलं कुणीच सस्तन नाही. उलट ऑस्ट्रेलियाकडचे प्लॅटिपस आणि एकिडना हे प्राणी अंडी घालतात आणि ते सस्तन आहेत. म्हणजे ती रेघ दोन्ही बाजूंनी गळते. आणि ज्या पोरानं डोळ्यांनी पाहून प्रश्न विचारला, त्यालाच आपण खाली बसवलं.

मी दोनच गोष्टी धरते: आईचं दूध आणि अंगावरचे केस. तक्ता नंतर, आधी शेळी. व्यायलेली शेळी कुणाकडे तरी असतेच. करडू दूध पिता पिता कासेला ढुशा का देतं, ते मुलांना बघू द्या. पान्हा सुटावा म्हणून. मग सड मोजायला सांगा: शेळीला दोन, गाय-म्हशीला चार. हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांच्या मधे असतात, हे सांगितलं की मुलं पुढच्या वेळी हत्ती वेगळ्या नजरेनं बघतात. केसांचंही तसंच. बोडक्या दिसणाऱ्या हत्तीच्या अंगावर राठ केस असतात आणि काही देवमाशांच्या तोंडावरही मोजके केस सापडतात.

वटवाघळाला पक्ष्यांत ढकलणं

उडतं म्हणून पक्षी, हे मुलं म्हणतात तेव्हा ठीक आहे. मोठ्यांनी “हो, पक्ष्यासारखंच” म्हणून सोडून देणं ठीक नाही. सस्तनांत खरंखुरं उडणारं हे एकटंच, आणि जगातल्या सस्तनांच्या जातींपैकी पाचवा हिस्सा तरी वटवाघळांचाच आहे.

मी मुलांना हाताचा पंजा पसरायला लावते. आता अंगठा सोडून बाकी चार बोटं हाताहूनही लांब झाली आणि त्यांच्यामधे पातळ कातडं ताणलं, तर? छत्रीच्या काड्या आणि कापड, तसं. मोकळा राहिलेला अंगठा म्हणजे पंखाच्या वरच्या कडेला दिसणारी नखी. पीस एकही नाही. गावात वडा-पिंपळावर मोठ्या वटवाघळांची वस्ती असेल तर दुपारी दुर्बीण घेऊन लांबून बघा. उकाड्यात ती पंखांनी वारा घेताना दिसतात, आणि नशीब असेल तर आईच्या छातीला चिकटलेलं पिल्लूही. त्यानंतर मला काही समजावावं लागत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

चिचुंद्री म्हणजे छोटा उंदीर नव्हे. ती कीटकखाऊ, वेगळ्याच गटातली. तिची पिल्लं एकमेकांच्या शेपटीचं मूळ तोंडात धरून आगगाडी करून चालतात.

खवल्या मांजराचे खवले पाहून त्याला सरड्यांत टाकू नका. ते खवले आपल्या नखांच्याच पदार्थाचे. पोटाकडे बघा, केस आहेत.

‘गरम रक्ताचे ते सस्तन’ हे अर्धवट. मग कावळा कुठे टाकणार?

पहिल्याच दिवशी प्लॅटिपस काढू नका. ती मोठ्यांची हौस असते. नियम बसायच्या आधी अपवाद सांगितला की मुलांच्या डोक्यात दोन्ही राहत नाहीत. जिराफ-कांगारूचंही तेच. आधी आपलं शेकरू दाखवा, राज्यप्राणी आहे आपला.

हात लावू देणं

हे मात्र किरकोळ नाही. “घे की, चावत नाही” म्हणून माकडाला केळं द्यायला लावणारे आणि पडलेलं वटवाघूळ मुलाच्या हातात देणारे पालक मी पाहिले आहेत. रेबीज हा सस्तनांचाच आजार आहे, पाखरांना किंवा सापांना तो होत नाही. कुत्रा, मांजर, माकड, वटवाघूळ, कुणीही चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. मुलानं घरी सांगायला घाबरू नये, म्हणून हे त्यालाही आधीच सांगून ठेवा. रागावणार नाही, असंही सांगा.