सायकलवाल्यांनो, वजनाच्या बाबतीत या चुका टाळा

पावसाळा सरला की पुण्यातल्या सायकल ग्रुपांमध्ये नवी भरती सुरू होते. सायकल नवीकोरी, हेल्मेटवरचं स्टिकरसुद्धा अजून निघालेलं नसतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, महिन्यात किती उतरेल?" सायकलने वजन उतरतं, यात वाद नाही. पण ते महिन्याभरातच उतरलं पाहिजे या हट्टापायी जे उद्योग होतात, ते बघून मला आता कंटाळा आलाय. माणसं बदलतात, चुका त्याच.

उपाशी पोटी घाट

माझा सगळ्यात जास्त राग या एका गोष्टीवर आहे. कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं असतं की रिकाम्या पोटी सायकल चालवली की थेट चरबीच जळते. यात थोडं तथ्य आहे. सकाळी तासभर आरामात, गप्पा मारता येतील अशा वेगाने काही न खाता फिरून आलात तर बिघडत नाही. त्या तासात चरबी थोडी जास्त वापरली जाते हेही खरं. पण वजनाचा हिशेब लागतो तो दिवसभराचा, आणि उपाशी राइड मारून आलेला माणूस अकरा वाजता डब्यावर कसा तुटून पडतो ते मी पाहिलेलं आहे.

लांब राइडला मात्र हा प्रकार थेट अंगाशी येतो. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा असतो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. जोर लावून चालवलं तर दीड-दोन तासांत तो तळाला जातो.

आमच्या ग्रुपमधला एक पोरगा, पंचविशीतला, आयटीवाला. आम्ही पाचगणीला निघालो होतो. शिरवळला सगळे पोह्यांवर बसले, हा काळी कॉफी घेऊन उभा. "मी फास्टेड आहे." बरं बाबा. खंबाटकीत तो सगळ्यांच्या पुढे. मग वाईच्या सपाटीला मागे पडायला लागला, तेव्हाच मला शंका आली होती. पसरणी घाटात अर्ध्यावर पाहतो तर सायकल आडवी आणि हा कठड्याला टेकून बसलेला. क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी खिट्टी) सोडवता न आल्यामुळे उभ्या जागी पडला होता, गुडघा सोललेला. घामाने भिजलेला, पण हात गार. मी चिक्की दिली तर त्याला तिचं वेष्टण फाडता येईना. बोटं थरथरत होती. दातांनी फाडायला गेला, तेही जमलं नाही. विचारलं, वाईतून किती वाजता निघालास, तर म्हणाला, "शिरवळ."

चिक्की मीच फोडून भरवली, वर ओआरएसचं पाणी पाजलं. वीसेक मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? "काका, या चिक्कीत कॅलरी किती असतील?"

त्याला टेम्पोत घालून वर नेला. खरी गंमत पुढे आहे. त्याने धडा वगैरे काही घेतला नाही. खाणं आणखी कमी केलं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अठराच्या आसपास आणला आणि सिंहगड चढायचा वेळ सुधारला म्हणून स्ट्रावा या राइड नोंदवायच्या ॲपवर टाळ्याही मिळवल्या. मग वेळ बिघडत गेला. सारखी सर्दी, झोप नाही, चिडचिड. आणि एक दिवस खडीवर अगदी हळू घसरला तर मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची तपासणी, करायला लावली. हाडांची घनता वयाच्या मानाने कमी. पंचविशीत!

याला वैद्यकात रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव रूढ केलं. व्यायामाला लागते तेवढी ऊर्जा खाण्यातून आली नाही की शरीर काटकसर सुरू करतं आणि कात्री हाडं, हार्मोन्स, प्रतिकारशक्तीवर चालते. बायकांमध्ये पाळी लांबते किंवा थांबते. "सायकलिंगमुळे होतं असं" म्हणून ते सोडून देऊ नका, सरळ डॉक्टरकडे जा. पुरुषांना अशी घंटा वाजत नाही, म्हणून त्यांचं उशिरा कळतं. त्यात सायकलिंगमध्ये हाडांवर आपटा-आदळ होत नाही, त्यामुळे धावणाऱ्यांची हाडं जशी घट्ट होतात तशी आपली होत नाहीत. आठवड्यातून दोनदा जिने, बैठका, थोडं वजन उचलणं, हे लागतंच.

माझी सवय सांगतो. आदल्या रात्री नेहमीचा वरण-भात. निघताना एक केळं किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू. दीड तासाच्या वरची राइड असेल तर घड्याळात अर्ध्या अर्ध्या तासाचा गजर, वाजला की खायचं. भूक लागण्याची वाट बघायची नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे सर्वसाधारण माप आहे, आणि एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. कपात करायची ती विश्रांतीच्या दिवशी, रात्रीच्या ताटात. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झालं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर उपाशी राइडचं नावही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये.

बीएमआय बघून निर्धास्त होणं, किंवा बघून घाबरणं

वजन किलोत, भागिले उंची मीटरमध्ये, तिचा वर्ग. हे सूत्र केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. तो डॉक्टर नव्हता, त्याला समाजातला सरासरी माणूस मोजायचा होता. बॉडी मास इंडेक्स हे नाव तर १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिलं. हजार माणसांची पाहणी करायला हे उत्तम आहे. एका माणसाचा निकाल लावायला अपुरं आहे.

आपल्यासाठी तर दुप्पट अपुरं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांनी स्वतःचीच तुलना छापली होती. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपला मुख्य व्यायाम काय लिहिला होता, तर रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती पकडणं. आपल्याकडची शरीरं दिसायला बारीक आणि आतून चरबीची असू शकतात, हे या पुण्याच्याच माणसाने वर्षानुवर्षं दाखवून दिलंय, तरी पुण्यातलेच लोक "मी चोवीस, म्हणजे नॉर्मल" म्हणत फिरतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये मर्यादा खाली आणल्या: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. ॲपमध्ये अजून बहुधा परदेशी आकडे असतात.

उलटंही होतं. मांड्या भरलेल्या, कंबर बारीक, वर्षानुवर्षं सायकल मारणारा माणूस २६ दाखवतो आणि उगाच डाएटला लागतो.

मी सुतळी वापरतो. उंचीएवढी कापायची, मधोमध दुमडायची आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवायची. श्वास नेहमीसारखा सोडलेला, पोट आत ओढायचं नाही (सगळे ओढतात). टोकं जुळली तर ठीक. नाही जुळली, तर बीएमआय काहीही म्हणो, काम बाकी आहे. टेपने मोजायचं असेल तर भारतीय पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. शिवाय वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी). शाकाहारी असाल तर बी१२ सुद्धा. नव्या जर्सीपेक्षा हे स्वस्त पडतं.

बाकीच्या, पटापट

राइडनंतरचं बक्षीस. सपाट रस्त्यावर दोन तास मध्यम वेगाने चालवून नऊशेच्या आसपास कॅलरी जातात. ॲप त्याहून जास्त सांगतं, कारण पॉवर मीटर (पॅडलवर लावलेला जोर मोजणारं यंत्र) नसेल तर ते अंदाजच बांधत असतं. दोन वडापाव, जिलबी आणि वर गोड चहा, झालं बरोबर. मिसळ खा, मीही खातो, फक्त "आज कमावलंय" म्हणून तिसरा पाव मागू नका.

राइडनंतर काट्यावर उभं राहून "दीड किलो गेलं" असा फोटो टाकणं. ते पाणी आहे. संध्याकाळपर्यंत परत येतं, आलंच पाहिजे. साखरेच्या साठ्याबरोबरही ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बसतं, म्हणून काटा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि आठवड्याची सरासरी बघा. रोजचा आकडा बघून मूड बिघडवायचा असेल तर शेअर बाजार आहे.

पोटाला घाम आणणारे पट्टे, उन्हात रेनकोट घालून राइड. काय बोलणार!

हलक्या चाकांवर पन्नास हजार घालणं. तासाभराच्या चढात एकूण वजनातला एक किलो कमी झाला तर पाऊण मिनिट वाचतं. तुमची चाकं तीनशे ग्रॅम वाचवतायत. सपाट रस्त्यावर तर वजनापेक्षा वाराच अडवतो, तिथे कोपर वाकवून खाली झुकणं फुकट आहे.

नुसतं पाणी पीत राहणं. चार-पाच तासांच्या राइडला मीठही हवं. लिंबू-मीठ-साखर किंवा खारं ताक चालतं, परदेशी पुड्या लागत नाहीत.

आणि शेवटची, जी ऐकून वाईट वाटतं: "आधी दहा किलो कमी करतो, मग सायकल घेतो." शंभराच्या वर वजन असलं तरी आजच घ्या. रक्तदाब, साखर किंवा छातीची काही तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. साधी हायब्रिड (सरळ हँडलची, रोजच्या रस्त्यांवर चालणारी सायकल), ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर, मागच्या चाकाला ३६ तारा. हवा शेजाऱ्याच्या आकड्यावर नको, स्वतःच्या वजनाप्रमाणे भरा. मागच्या तारा सुरुवातीला सैल पडतात, तेव्हा पहिल्या महिन्याभरातच दुकानात नेऊन चाक ट्रू करून (तारा ताणून सरळ करून) घ्या, नाहीतर एकेक तार तुटत जाते आणि दोष वजनाला लागतो. सुरुवातीचे काही महिने खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं. बोपदेव घाट कुठे पळून जात नाही.