एकत्र राहायचंय? जमीन नंतर बघा, आधी हे ठरवा

चार-पाच कुटुंबं मिळून गावाकडे जागा घेऊ, एकच स्वयंपाकघर ठेवू आणि सगळं सगळ्यांनी मिळून ठरवू, असं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कल्पना मला मनापासून पटते, म्हणूनच सांगतो की जमीन शोधत फिरू नका, आधी कामं, निर्णय आणि पैसे यावर बसून बोला.

कामांपासून सुरू करा. सगळ्यांनी एकत्र बसून घरातली झाडून सगळी कामं लिहायची, स्वयंपाक, भांडी, संडास धुणं, पोरांचा अभ्यास, आजीला दवाखान्यात नेणं, किराणा, हिशोब, काही म्हणजे काही सोडायचं नाही. आपल्याकडे यातली निम्मी कामं कुणी काम म्हणून धरतच नाही, बायका गुपचूप करून टाकतात, आणि एकत्र राहायला गेलं की तेच पाच घरांचं मिळून होतं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये ट्विन ओक्स नावाचं कम्यून, म्हणजे सगळं मिळून चालवणाऱ्यांची वसाहत, 1967 पासून चालू आहे, साधारण शंभर माणसं राहतात, त्यांचा नियम सरळ आहे, एक तास काम म्हणजे एक क्रेडिट, मग तुम्ही टोफू (सोयाबीनचं पनीर) बनवा, स्वयंपाक करा नाहीतर मुलं सांभाळा. आठवड्याचा कोटा ठरलेला असतो तो भरायचा. सुरुवातीच्या काळात त्यांनी नकोशा कामाला जास्त क्रेडिट देऊन पाहिलं होतं, पुढे ते सोडून सगळे तास सारखे केले. तुम्ही एवढंच करा, एकत्र राहायच्या आधीच महिनाभर प्रत्येकाने आपापल्या घरी किती तास काय केलं ते एका गूगल शीटमध्ये भरा, नवऱ्याने वेगळं, बायकोने वेगळं. ते शीट समोर ठेवून जी चर्चा होईल ती खरी पहिली मीटिंग.

आता निर्णय. इथे बाहेर बघायची गरजच नाही, गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावाची. गोंड आदिवासींचं छोटंसं गाव, ग्रामसभेत बहुमताने नाही तर सर्वसहमतीने ठरतं, म्हणजे हात वर करून मोजणी नाही, कुणाचा विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला. लोक म्हणतात असं केलं तर काहीच होणार नाही, पण याच गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क) मिळवला आणि 2013 मध्ये गावातल्या जमिनी ग्रामदानात ग्रामसभेकडे दिल्या. स्वतःची जमीन सगळ्यांच्या नावे करणं हे 60-40 च्या मतदानावर झालं असतं असं मला तरी वाटत नाही.

यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तिथला अभ्यास गट. तिथे माहिती घ्यायची, प्रश्न विचारायचे, बाहेरचा जाणकारही बोलवायचा, पण निर्णय घ्यायचा नाही, तो ग्रामसभेतच. तुम्हीही दोन वेगळ्या बैठका ठेवा, एक समजून घ्यायची, एक ठरवायची, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. ज्याला पटत नाही त्याने कारण सांगायचं, आणि काय बदललं तर चालेल तेही सांगायचं. आणि प्लीज, डाळ कुठली आणायची यावर सर्वसहमती करत बसू नका, किराणा ज्याच्याकडे त्याने ठरवायचं, बजेट तेवढं सगळ्यांनी मिळून.

पैशांचं थोडक्यात. ट्विन ओक्समध्ये उत्पन्नच सामायिक आहे, सुरुवातीलाच ते आपल्याला झेपणार नाही, म्हणून फक्त खर्च सामायिक करा आणि तोही कमाईच्या प्रमाणात. सोडून जाणाऱ्याला किती परत, किती महिन्यांत, हे सगळे खुशीत असतानाच लिहून सह्या करा. नवीन कुणी येत असेल तर आधी पाहुणा म्हणून राहू द्या, ट्विन ओक्समध्ये हा काळ तीन आठवड्यांचा असतो.

एवढं झालं की मग जमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही, त्यामुळे "ग्रुपमधल्या एकाच्या नावावर घेऊन टाकू" असं कुणीतरी म्हणणारच. तसं करू नका, सातबारा ज्याच्या नावावर त्याचाच शब्द शेवटचा होतो आणि मग वरचं सगळं ठरवलेलं कागदावरच राहतं. बिनशेती जागा बघा, सोसायटी रजिस्टर करा, व्यवहाराआधी वकिलाला दाखवा. आणि तोपर्यंत शेजारशेजारचे दोन-तीन फ्लॅट भाड्याने घेऊन एका स्वयंपाकघरात वर्षभर जेवून बघा.