पाठ असलेल्या वचनातून वाचन: घरी बायबल घेऊन मुलांना कसं शिकवावं

संडे स्कूलला जाणारं पाच-सहा वर्षांचं पोर स्तोत्र 23 घडाघडा म्हणतं. तेच पान पुढे धरा, बोट एका शब्दावर आणि तोंड भलत्याच. पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, पण वाचनाला ते कामाला येतं. मुळाक्षरं आणि काना-मात्रा ओळखता आल्या की सुरुवात करा. भाषांतर चर्चमध्ये वाचतात तेच घ्या, नाहीतर पाठ शब्द आणि छापलेले शब्द जुळत नाहीत.

आधी पुस्तक मिटून ठेवा. दोन रकाने, बारीक टाइप, मध्येच वचनांचे आकडे. लहान मुलाला ते झेपत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात योहान 11:35 लिहा: ‘येशू रडला.’ दोनच शब्द, जोडाक्षर एकही नाही. अख्खं वचन स्वतः वाचलं, हे पोर घरभर सांगत फिरेल. का रडला, हेही विचारेल. येशूच्या मेलेल्या मित्राची, लाजराची गोष्ट तयार ठेवा.

मग स्तोत्र 23 चं पहिलं वचन: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ नऊ शब्द आणि जोडाक्षर फक्त ‘श्व’. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी करा आणि चिठ्ठ्या पिसा. म्हणायची चाल मोडली की नजर अक्षरांवर येते. ‘नाही’ कुठे आहे? ‘मेंढपाळ’ शोध. चिठ्ठ्या हव्या तशा जुळवू द्या. ‘मला मेंढपाळ पडणार’ असलं काही झालं तर हसा खुशाल, वाचलं तर खरं! ‘उणे’ म्हणजे कमी, पाच उणे दोन मधलंच.

जोडाक्षरांना वेळ द्या. ‘श्व’ कळला की ‘विश्वास’, ‘ईश्वर’ लिहून दाखवा. खरा त्रास ‘र’चा. उत्पत्ती 1:3 मध्ये ‘प्रकाश’ दोनदा येतो, तिथून ‘प्रभू’, ‘प्रीती’. ‘प्रार्थना’ शेवटी, त्यात ‘प्र’ही आहे आणि रफारही.

आता पुस्तक उघडा. रात्रीच्या प्रार्थनेला स्तोत्र 136 घ्या. सव्वीस वचनं, प्रत्येकाच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’. पहिला भाग तुम्ही वाचा, शेवटचा मुलाने, ओळीखाली पट्टी धरून. आठवड्याभराने वाटे बदला.

मत्तयाच्या सुरुवातीची वंशावळ मात्र इतक्यात नको. अम्मीनादाबापाशी मोठी माणसंही अडखळतात.