सचित्र फँटसी कादंबरी वाचताना या चुका टाळा

जादूच्या जगाची सचित्र कादंबरी मोठ्या हौसेने आणली जाते आणि साठ-सत्तर पानांनंतर कपाटात जाऊन बसते. दोष बहुतेक वेळा गोष्टीचा नसतो. नकाशा, वंशावळ आणि चित्रं शोभेची समजून ओलांडली जातात आणि मग कोण कुठे निघालंय, तेच कळेनासं होतं.

अडण्याची मुख्य जागा नकाशा. वरची बाजू म्हणजे उत्तर, असं धरून चालू नका. टोल्किन यांच्या १९३७ सालच्या 'द हॉबिट'मधल्या थ्रोरच्या नकाशात वर पूर्व आहे. म्हणून आधी दिशेचा बाण शोधा, मग अंतराची मोजपट्टी. अंतर डोळ्यांसमोर आणायला गोवा कामी येतो. आपल्या राज्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे १०५ किलोमीटर. दिवसाला पंचवीस किलोमीटर चालणाऱ्याला पेडण्याहून काणकोण गाठायला चार दिवस तरी हवेत. मांडवी, जुवारी होडीने ओलांडायच्या तर आणखी वेळ. हे माप मनात असलं की 'तिसऱ्या दिवशी खिंड गाठली' या साध्या वाक्यातली दमछाक जाणवते.

नकाशावर बटर पेपर ठेवा, दोन कोपऱ्यांच्या खुणा करून घ्या आणि दर प्रकरणानंतर पात्रांची वाट मऊ पेन्सिलीने पुढे न्या. हात हलका ठेवा, नाहीतर खालच्या पानावर वळ उठतो.

चित्रं आधी चाळायचा मोह आवरा. जुन्या छपाईत रंगीत चित्रं आर्ट पेपरवर वेगळी छापून दोन फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांच्या, मध्ये घालत. फर्मा बहुधा सोळा पानांचा, त्यामुळे चित्र प्रसंगाच्या बरंच आधी येऊ शकतं आणि कोण जिवंत राहणार, ते फोडून टाकतं. तिथे चिठ्ठी ठेवून पुढे जा. प्रसंग वाचला की परत या आणि निवांत बघा. चेहऱ्यांपेक्षा हात बघा: कुणाच्या मुठीत काय आहे, कुणाची अंगठी आता दिसत नाही. मोबाइलवर वाचताना जोडपानाचं चित्र मधोमध तुटतं, तेवढ्यापुरता फोन आडवा करा.

नावांचा गोंधळ होत असेल तर पाठकोऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी खूण म्हणून वापरा. तिच्यावर देवनागरीत नाव, कुळ आणि पहिलं पान, एवढंच लिहा. जादूची किंमत सांगणारी वाक्यंही तिथेच टिपा: मंत्र कुणाला चालतो, कशाने थकवा येतो, काय परत मिळत नाही. शेवट ओढूनताणून आणलेला वाटला, तर निवाडा करण्याआधी ही टिपणं पडताळा.

नवं जाड पुस्तक एकदम उताणं उघडलं की कण्याचा डिंक तडकतो आणि पानं सुटतात. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडा आणि पुढून दहा पानं, मागून दहा पानं, असं आळीपाळीने हलकेच दाबत मध्यापर्यंत या.

आपल्याकडे खरा शत्रू जून ते सप्टेंबरची ओल. आर्ट पेपरवर चिकणमातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. तो भिजून वाळला की शेजारच्या पानाला घट्ट धरतो. म्हणून पुस्तक भिजलं तर पानं ओली असतानाच अलगद सोडवा, प्रत्येक चित्रापाशी मेणकागद घाला आणि पंख्याखाली वाळवा. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र तर नकोच. पानं वेडीवाकडी होतात. वाळून चिकटलेली पानं ओढू नका, चित्राचा रंग सोलून निघतो. बुरशी दिसली तर पुस्तक आधी पूर्ण वाळवा, मग नाकाला मास्क लावून व्हरांड्यात मऊ ब्रशने झाडा. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला की ती पानभर पसरते.