जुन्या जीपचा स्टिअरिंग प्ले काढताना बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी

आमची जीप म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, १९६८ सालची. आबांनी आंब्याच्या पेट्या वाहायला घेतली होती, आता ती माझ्याकडे आहे. अंजर्ल्यात खाडीपासून हाकेच्या अंतरावर उभी असते. तीन वर्षांपूर्वी स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नसे. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग बॉक्सवरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाच्या गिअरपेटीवरचा, स्क्रू करकचून आवळून दिला. प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, गेला. पण कराडला जाताना कुंभार्ली घाटाच्या एका वळणात स्टिअरिंग सोडलं तरी सरळ व्हायला तयार नव्हतं, मला ते ओढून आणावं लागलं. शेजारी पुतणी बसली होती. त्या दिवसापासून हे काम मी स्वतः करतो आणि नेहमी चाकाकडून बॉक्सकडे जातो.

आधी गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली आडवं होऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवत जायचं. सांध्याचा एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना तो लवकर कळतो. याच वेळी बॉक्स चासीवर हलतोय का तेही बघा. आमच्याकडच्या हवेत ब्रॅकेटचे बोल्ट गंजून सैल होतात, कधी कधी चासीलाच तडा असतो. तसं असेल तर बाकी सगळं नंतर, आधी वेल्डिंग.

मग पुढचा ॲक्सल उचलून स्टँडवर घ्या. मागच्या चाकांना उटी म्हणून जांभ्याचे चिरे चालतात, पण गाडी चिऱ्यांवर कधीच उभी करू नका. जांभा वजनाखाली अचानक फुटतो. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही हलत असेल तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं तिचा. किंगपिनच्या शिम (फटीत बसवलेल्या पातळ चकत्या) काढायच्या तर वरून आणि खालून सारख्याच काढा.

टाय रॉडच्या (चाकांना वळवणाऱ्या दांड्यांच्या) टोकांत प्ले असेल तर टोकं बदला, ती दुरुस्त होत नाहीत. ड्रॅग लिंक म्हणजे बॉक्सपासून पुढच्या बेल क्रँकपर्यंतचा दांडा. त्याच्या टोकाला प्लग असतो, तो आवळून प्ले मात्र काढता येतो. स्प्लिट पिन काढून प्लग घट्ट आवळा, मग बेल क्रँककडच्या टोकाला अर्धा फेरा आणि बॉक्सकडच्या टोकाला पूर्ण एक फेरा उलटा सोडा. पिन नवीच घाला.

आता बेल क्रँक. पुढच्या क्रॉस मेंबरवर बसलेला हा तुकडा ड्रॅग लिंकची ओढ दोन्ही टाय रॉडना वाटून देतो, म्हणजे इथला थोडासा प्ले दोन्ही चाकांना जातो. आत सुयांची बेअरिंग असतात. पावसाळ्यात पाणी शिरलं आणि ग्रीस धुऊन गेलं की त्या सुया गंजतात. माझा बेल क्रँक उघडला तेव्हा खालच्या बेअरिंगच्या जागी लाल चिखल होता आणि पिन एका बाजूने झिजून लंबगोल झाली होती. माझ्या गाडीतला अर्ध्याहून जास्त प्ले इथेच होता, आणि त्या गॅरेजमध्ये कुणी इकडे बघितलंसुद्धा नव्हतं. पिन, बेअरिंग आणि सील यांचं किट मिळतं. अर्धवट बदलू नका, झिजलेल्या पिनवर नवं बेअरिंग टिकत नाही.

एवढं झाल्यावरच बॉक्स. ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या हातापासून) सोडवा, म्हणजे हाताला फक्त बॉक्स कळेल. बॉक्सच्या बाजूचा स्क्रू सैल करा आणि स्टिअरिंग वर-खाली ओढून बघा. शाफ्ट वर-खाली सरकत असेल तर वरच्या कव्हरखालची शिम एकेक करून काढा. ०.००२ इंचाची शिमसुद्धा फरक पाडते. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि बरोबर मध्यावर या. गाडी जास्त वेळ सरळच चालते, म्हणून झीज मध्यावर होते, आणि म्हणूनच बनवणाऱ्यांनी कॅमची (शाफ्टच्या टोकावरच्या मळसूत्री तुकड्याची) खाच मध्यावर मुद्दाम घट्ट ठेवलेली असते. स्क्रू आवळायचा तो इथेच, मधून जाताना हलकीशी अडखळ जाणवेल इतपत. चाक वळवलेलं असताना स्क्रू आवळून प्ले संपवलात तर मध्यावर बॉक्स जाम होईल. माझ्याबाबतीत बहुधा हेच झालं होतं. लॉकनट आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण नटाबरोबर स्क्रूही फिरतो.

बॉक्समध्ये ग्रीस भरू नका, गिअर ऑइलच घाला. ग्रीस बाजूला सरकून तिथेच बसतं, पुन्हा कॅमवर येत नाही.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली आहेत ते, तपासा. तो १ ते २.५ मिलिमीटरच्या मध्ये हवा. आता माझ्या जीपला स्टिअरिंगच्या कडेवर इंचभर प्ले आहे. तेवढा या गाडीला मी ठेवतो. काम झाल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा बघतो. बेल क्रँकच्या निप्पलमध्ये मात्र मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि गणपतीनंतर एकदा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारतो.