मीटरवर 14.7 आणि लॅपटॉपवर 14.3?

वाइडबँडचा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं प्रमाण, म्हणजे एअर-फ्युएल रेशो, सांगणारा सेन्सर) मीटर एक आकडा दाखवतो, लॅपटॉपवर ईसीयूच्या (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) लॉगमध्ये दुसराच येतो. सेन्सर बदलण्याआधी अर्थिंग तपासा. मीटर हा आकडा ईसीयूला व्होल्टमध्ये पाठवतो; 0 व्होल्टला 10 आणि 5 व्होल्टला 20 अशी पट्टी असेल, तर 0.2 व्होल्टच्या फरकाने एअर-फ्युएल रेशो 0.4 ने सरकतो.

1. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. एसी, हेडलाइट, रेडिएटर फॅन सगळं चालू. नागपूरच्या मे महिन्यात हे मुद्दाम करावं लागत नाही म्हणा!

2. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर. काळी प्रोब ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला, लाल वाइडबँडच्या अर्थला. आकडा शून्याजवळच हवा. लोड टाकल्यावर तो उड्या मारत असेल तर वाइडबँडची अर्थ वायर काढा आणि ईसीयूची मुख्य अर्थ जिथे बसते त्याच नटाखाली घ्या. नटाखालचा रंग, गंज घासून. बहुतेकदा इथेच काम संपतं.

3. थोडा फरक उरलाच तर स्थिर आरपीएमवर दोन रीडिंग घ्या, एक आयडलचं, एक थोडं रिच (इंधन वाढवून) करून. दोन्ही वेळी ईसीयूच्या इनपुट पिनवरचे व्होल्ट आणि मीटरचा आकडा लिहा. या दोन जोड्या सॉफ्टवेअरच्या कॅलिब्रेशनमध्ये भरा. 5 व्होल्टला टेकलेलं रीडिंग धरू नका, त्याने उतार चुकतो.

वाइडबँड सेन्सरच्या आतल्या हीटरची अर्थ मात्र ईसीयूच्या बारीक सेन्सर ग्राउंडला कधीही जोडू नका. तिच्यातून मोठा करंट जातो आणि बाकी सेन्सरांचेही आकडे बिघडतात.