लॅक्टोकॉकसवाटे तोंडी लस: उंदरांवरच्या चाचणीची तयारी

दूध आंबवणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस आतड्यात ठाण मांडत नाही, अन्नासोबत पुढे निघून जातो. म्हणून तो सुरक्षित, आणि म्हणूनच एका डोसात भागत नाही.

एनझेड९००० हा या जिवाणूचा प्रकार आणि पीएनझेड८१४८ हे प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) घ्या. यात निसिन (जिवाणू मारणारे एक छोटे पेप्टाइड) मिळाल्यावरच प्रतिजन, म्हणजे ज्याविरुद्ध प्रतिकार हवा ते प्रथिन, बनतो. प्रतिजनाचे जनुक जसेच्या तसे घालू नका. या जिवाणूच्या डीएनएत जीसीचे (ग्वानिन आणि सायटोसिन या घटकांचे) प्रमाण जेमतेम ३५ टक्के असते, त्यानुसार कोडॉन (एकेका अमिनो आम्लासाठीची तीन अक्षरे) बदलून घ्या. प्रतिजनाच्या पुढे यूएसपी४५ या प्रथिनाचा सिग्नल पेप्टाइड (पेशीबाहेर नेणारा तुकडा) आणि मागे एलपीएक्सटीजी हा अमिनो आम्लांचा क्रम असलेला अँकर जोडला, की तो पेशीभित्तीवर बसतो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीत) मुख्य पट्ट्याखाली तुकड्यांची रांग दिसली, तर एचटीआरए या प्रोटिएझवर (प्रथिने तोडणाऱ्या विकरावर) संशय घ्या आणि ते जनुक काढलेला प्रकार वापरा.

एम१७ माध्यमात ०.५ टक्के ग्लुकोज आणि मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घाला, म्हणजे प्लाझ्मिड असलेलेच जिवाणू टिकतात. ३० अंश सेल्सिअसला, न हलवता वाढवा. ६०० नॅनोमीटरवर ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे वाढीचे माप) ०.४ झाला की मिलिलिटरमागे १ ते १० नॅनोग्रॅम निसिन द्या आणि ३ तास थांबा. उशिरा निसिन दिले तर प्रतिजन कमी बनतो. सर्वाधिक घोळ होतो तो निसिनच्या हिशेबात: बाजारातली पूड बहुधा २.५ टक्केच शुद्ध असते, म्हणजे १ मिलिग्रॅम पुडीत फक्त २५ मायक्रोग्रॅम निसिन. उलट चूक होऊन निसिन जास्त पडले, तर ते पेशीच मारते.

पेशी पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खारट द्रावणाने) दोनदा धुवा. उंदरामागे सुमारे १०⁹ जिवंत पेशी, जास्तीत जास्त ०.२ मिलिलिटरमध्ये, गॅव्हाज सुईने (तोंडातून थेट पोटात सोडणाऱ्या बोथट सुईने) द्या. आधी थोडे सोडियम बायकार्बोनेट दिल्यास पोटातल्या आम्लाचा मारा कमी होतो. सलग ३ दिवस, मग दोन आठवड्यांनी पुन्हा तसेच. हे अर्थातच प्राणी-नीती समितीच्या परवानगीनंतर. जिवंत पेशींची मोजणी प्लेटवर वसाहती वाढवून करा, पण हे जिवाणू साखळीत राहतात, त्यामुळे वसाहतींचा आकडा खऱ्या संख्येपेक्षा कमीच येतो.

रिकामे प्लाझ्मिड असलेल्या जिवाणूचा गट ठेवलाच पाहिजे, नाहीतर जिवाणूविरुद्धचा प्रतिसाद लशीच्या नावावर जमा होईल. रक्तद्रवात आयजीजी आणि ताज्या लेंड्यांत आयजीए (आतड्यासारख्या ओल्या अस्तरांवरचे) ही प्रतिपिंडे तपासा. लेंड्या प्रोटिएझ-रोधक असलेल्या पीबीएसमध्येच कालवा, एरवी आयजीए तुटून जातो.

क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारे प्लाझ्मिड माणसांसाठी चालणार नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात थायए जनुकाच्या जागी, थेट गुणसूत्रात, इंटरल्यूकिन-१० या दाह कमी करणाऱ्या प्रथिनाचे जनुक बसवले होते. थायमिन (डीएनएचा घटक, जीवनसत्त्व नव्हे) किंवा थायमिडीन न मिळाल्यास असा जिवाणू मरतो. प्रतिजनाचे जनुकही तिथेच बसवता येते, मात्र एकच प्रत असल्याने उत्पादन घटते.